कीड टाकीत, धोका खोलीत

चर्नी रोड स्थानकासमोर, मरीन ड्राइव्हवरचे तारापोरवाला मत्स्यालय १९५१ मध्ये राष्ट्रपती डॉ. राजेंद्र प्रसाद यांच्या हस्ते सुरू झाले. गिरगाव, दादर, परळ, लालबागच्या कितीतरी मुलांनी समुद्राच्या पोटातले जग पहिल्यांदा पाहिले ते तिथल्या काचेतून. नूतनीकरणानंतर २०१५ मध्ये ते पुन्हा उघडले, कोविडच्या काळात बंद झाले आणि इमारत जीर्ण ठरल्यामुळे पुढे उघडलेच नाही. भायखळ्याच्या राणीच्या बागेत मत्स्यालय उभारण्याची योजना महापालिकेने आखली आहे. दरम्यानच्या काळात ही काच घराघरांत पोहोचली आहे. गोड्या पाण्यातल्या गप्पी आणि गोल्डफिशच्या जोडीला आता खाऱ्या पाण्याच्या टाक्याही दिसू लागल्या आहेत. क्लाउनफिश, समुद्रफुले, रंगीबेरंगी मऊ प्रवाळ आणि त्यांना पोसणारा निळसर दिवा असा सगळा संसार दिवाणखान्याच्या एका कोपऱ्यात थाटला जातो.

या संसारात न बोलावलेले पाहुणेही येतात. त्यांना हाकलण्यासाठी जे उपाय केले जातात, त्यांतले काही माशांपेक्षा माणसांना अधिक धोकादायक आहेत. परदेशात यामुळे अख्खी कुटुंबे रुग्णालयात दाखल झाल्याची उदाहरणे नोंदलेली आहेत. आपल्याकडे अजून या विषयावर फारसे बोलले जात नाही. न बोलल्यामुळे धोका कमी होत नाही, फक्त निदान उशिरा होते.

पाहुणे येतात कुठून?

खाऱ्या पाण्याच्या टाकीत शोभेसाठी आणि पाणी शुद्ध राखण्यासाठी सच्छिद्र खडक ठेवतात. दुकानदार त्याला ‘लाइव्ह रॉक’ म्हणतात. खडक अर्थातच निर्जीव असतो. पण त्याच्या छिद्रांत कोट्यवधी जिवाणू नांदत असतात. माशांच्या विष्ठेतून तयार होणाऱ्या अमोनियाचे ते आधी नायट्राइटमध्ये आणि मग नायट्रेटमध्ये रूपांतर करतात. हे जिवाणू नसतील तर बंद टाकीतले मासे आपल्याच घाणीने मरतील.

त्याच छिद्रांतून इतर जीवही येतात. एप्टेशिया हे काचेसारखे पारदर्शक छोटे समुद्रफूल त्यांपैकी सर्वात चिवट. ते चिमट्याने ओढले की तुटते आणि खडकाला चिकटून राहिलेल्या तुकड्यांपासून नवी फुले उगवतात. एक काढायला जावे आणि आठवड्याभरात पाच दिसावीत, असा अनुभव त्यामुळेच येतो. केसाळ किडे रात्री बाहेर पडतात. त्यांचे काटे काचेच्या लोकरीसारखे बारीक असतात आणि बोटात रुततात. लालसर चपटे किडे काचेवर पसरतात. ते एकाच वेळी मोठ्या संख्येने मेले तर त्यांच्या शरीरातील विषामुळे टाकीतले मासेही दगावू शकतात. तपकिरी, बुडबुडे धरलेला चिकट साका बहुधा डायनोफ्लॅजेलेट या सूक्ष्म जीवांचा असतो. आणि मग येतात झोअँथिड. बटणासारखी, एकमेकांना चिकटून वाढणारी ही छोटी समुद्रफुले काही जण हौसेने विकत घेतात, तर काहींच्या टाकीत ती खडकाबरोबर आपसूक येतात. मुंबईकरांना हा जीव अगदी परका नाही. ओहोटीच्या वेळी हाजी अलीच्या खडकांवरही झोअँथिडांचे थर दिसतात.

सुरुवातीला ती सुंदर वाटतात. हळूहळू खडक व्यापतात, शेजारच्या प्रवाळाला झाकून टाकतात आणि एके दिवशी घरमालक ठरवतो, आज ही साफ करायचीच. खरी गोष्ट इथून सुरू होते.

हानाचे विष

हवाई बेटांतील माउई या बेटावर हाना नावाचा भाग आहे. तिथल्या एका खडकातील डबक्यात एक विषारी ‘शेवाळ’ वाढते, असे स्थानिक लोक पिढ्यानपिढ्या सांगत. भाल्याच्या टोकाला ते चोळले की जखम प्राणघातक ठरते, अशी त्याची ख्याती होती. शास्त्रज्ञांनी शोध घेतला तेव्हा ते शेवाळ नसून पॅलिथोआ या वंशाचे झोअँथिड असल्याचे उघड झाले. त्यातले विष वेगळे करून १९७१ मध्ये त्याचे वर्णन प्रसिद्ध झाले आणि त्याला ‘पॅलिटॉक्सिन’ हे नाव मिळाले. निसर्गात सापडणाऱ्या, प्रथिन नसलेल्या विषांपैकी हे सर्वात जहाल विषांत गणले जाते.

त्याचे काम समजण्यासाठी पेशीचे एक साधे तत्त्व पुरेसे आहे. आपल्या प्रत्येक पेशीच्या भिंतीत सोडियम बाहेर आणि पोटॅशियम आत ढकलणारा पंप असतो. स्नायूंचे आकुंचन, मज्जातंतूंचे संदेश, हृदयाचे ठोके हे सारे या पंपावर चालते. पॅलिटॉक्सिन त्या पंपाला चिकटते आणि त्याचे कायम उघड्या राहिलेल्या नळात रूपांतर करते. सोडियम आत घुसते, पोटॅशियम बाहेर वाहते, पाठोपाठ कॅल्शियम आत शिरते. स्नायू दुखतात, त्यांच्या पेशी फुटतात, श्वासनलिका आखडतात, रक्तवाहिन्या आवळतात आणि हृदयाची लय बिघडू शकते.

पॅलिथोआ टाकीत शांत बसलेले असताना खोलीतल्या माणसाला त्रास होत नाही. घासणे, कापणे, खरवडणे, ब्रशने रगडणे किंवा उकळते पाणी ओतणे यांपैकी काही केले की विष बाहेर पडते. घासताना उडणाऱ्या तुषारांतून किंवा वाफेतून ते नाकातोंडात जाते. हातावर ओरखडा असेल तर तिथून शरीरात शिरते. थेंब डोळ्यात उडाला तर बुबुळाला इजा होते. काही रुग्णांची नजर कायमची अधू झाल्याची नोंद आहे.

परदेशी नोंदी काय सांगतात?

मार्च २०१८ मध्ये इंग्लंडमधील ऑक्सफर्डशर परगण्यातल्या स्टीव्हेंटन गावी एका घरात टाकीतले प्रवाळ साफ केल्यानंतर कुटुंबीय आजारी पडले. घरातील सहा जण आणि मदतीला धावलेले चार अग्निशमन कर्मचारी, अशा दहा जणांना रुग्णालयात न्यावे लागले. यातील अग्निशमन कर्मचाऱ्यांचा आकडा विशेष लक्षात ठेवावा. त्यांनी टाकीला हातही लावला नव्हता. ते फक्त त्या घरात शिरले होते.

अमेरिकेतील अलास्का राज्यात २०१२ ते २०१४ या काळात अँकरेज शहरातील दुकानात आणि घरात अशीच प्रकरणे घडली. ती तिथल्या रोगनियंत्रण केंद्राच्या साप्ताहिक अहवालात २०१५ मध्ये प्रसिद्ध झाली. अमेरिकेतच आणखी एका हौशी माणसाने खडकावरची नको असलेली झोअँथिड मारण्यासाठी त्यावर उकळते पाणी ओतले, वाफ श्वासात गेली आणि श्वसनाच्या तीव्र त्रासामुळे त्याला रुग्णालयात दाखल व्हावे लागले. त्या घटनेनंतर संशोधकांनी वॉशिंग्टन परिसरातील दुकानांतून झोअँथिडचे नमुने विकत घेऊन तपासले. २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासाचा निष्कर्ष महत्त्वाचा आहे. दिसायला सारख्या वाटणाऱ्या नमुन्यांपैकी काहींत विष अजिबात नव्हते आणि काहींत ते प्रचंड प्रमाणात होते. म्हणजे रंग किंवा आकार पाहून ‘हे निरुपद्रवी’ असा निर्वाळा दुकानदारही देऊ शकत नाही आणि अनुभवी हौशी माणूसही नाही.

असे विष टाकीबाहेरही माणसांना भोवले आहे. २००५ च्या उन्हाळ्यात इटलीतील जिनोआच्या किनाऱ्यावर ऑस्ट्रिऑप्सिस या डायनोफ्लॅजेलेटची वाढ झाली आणि समुद्रावरून येणारी हवा श्वासात घेतलेल्या सुमारे दोनशे लोकांना ताप, खोकला, दम लागणे असा त्रास झाला. या जीवात पॅलिटॉक्सिनच्या कुळातली विषे असतात. समुद्राच्या मोकळ्या हवेत हे घडू शकते, तर बंद खोलीत काय होईल याचा अंदाज करणे कठीण नाही.

मुंबईची खोली आणि आपल्या सवयी

इथे मुंबईच्या घरांची रचना विचारात घ्यावी लागते. लालबाग-परळच्या चाळीतली दहा बाय बाराची खोली असो किंवा त्याच जागी उभ्या राहिलेल्या टॉवरमधला बंद काचांचा फ्लॅट, हवा खेळती राहण्याची अडचण दोन्हीकडे आहे. चाळीत एकाच खोलीत स्वयंपाक, अभ्यास, झोप आणि टाकी असते. टॉवरमध्ये एसी असतो. पण घरातला स्प्लिट एसी बाहेरची ताजी हवा आत आणत नाही, खोलीतलीच हवा थंड करून पुन्हा फिरवतो. पावसाळ्यात तर खिडक्या दिवसच्या दिवस बंद राहतात.

दुसरी गोष्ट आपल्या सवयींची. पाणी उकळले की ते सुरक्षित होते, हे आपल्याकडे प्रत्येक घरात ठाऊक आहे आणि पिण्याच्या पाण्याबाबत ते खरेही आहे. उकळण्याने कॉलरा, विषमज्वर, कावीळ यांचे जंतू मरतात. पॅलिटॉक्सिन मात्र जंतू नाही, ते रसायन आहे आणि उष्णतेला दाद देत नाही. उकळत्या पाण्याने झोअँथिड मरते. विष शिल्लक राहते आणि वाफेबरोबर पसरते. खडक पातेल्यात घालून गॅसवर उकळणे हा तर सर्वात घातक प्रकार. त्यात स्वयंपाकघराचेच विषाच्या खोलीत रूपांतर होते.

गंमत अशी की समुद्री जीवांच्या दुसऱ्या एका गटात हेच गरम पाणी औषध ठरते. सप्टेंबर २०१३ मध्ये गणेश विसर्जनाच्या वेळी गिरगाव चौपाटीवर अनेक भाविकांच्या पायांना समुद्री जीवांचे दंश झाले होते. कोळी ज्याला पाकट म्हणतात, त्या माशाच्या शेपटीच्या काट्याने झालेल्या त्या जखमा होत्या. पाकट किंवा टाकीत हौसेने पाळला जाणारा लायनफिश यांचे विष प्रथिनांचे असते आणि उष्णतेने निकामी होते. त्यामुळे दंश झालेला हात-पाय सोसवेल इतक्या, म्हणजे सुमारे ४० ते ४५ अंश सेल्सियस गरम पाण्यात अर्धा ते दीड तास बुडवून ठेवणे हा मान्य प्रथमोपचार आहे. पाण्याचा चटका आधी दुसऱ्या, धडधाकट हाताने किंवा घरातल्या दुसऱ्या माणसाने तपासावा. मधुमेहामुळे पायाची संवेदना गेलेल्यांना भाजल्याचे कळत नाही. एकाच टाकीतल्या दोन जीवांसाठी गरम पाण्याचा अर्थ असा उलटा आहे. म्हणूनच कोणता जीव हे कळल्याशिवाय उपाय करू नये.

तिसरी सवय ‘जालीम’ रसायनांची. बाथरूम धुण्याचे अ‍ॅसिड आणि ब्लीच एकत्र केले की क्लोरीन वायू तयार होतो. तोही फुप्फुसांवरच हल्ला करतो. एप्टेशिया मारण्यासाठी काही जण चुन्याचा लगदा सुईने तिच्या तोंडात सोडतात. ही पद्धत टाकीसाठी परिणामकारक आहे, पण चुना डोळ्यात उडाला तर तो अ‍ॅसिडपेक्षाही खोलवर जाळतो. तंबाखूच्या चुन्याची पुडी डोळ्यात फुटलेली मुले आपल्याकडच्या नेत्रविभागांना नवीन नाहीत. अशा वेळी डॉक्टरकडे धावण्याआधी जागच्या जागी, स्वच्छ वाहत्या पाण्याने निदान अर्धा तास डोळा धुणे हाच नजर वाचवणारा उपचार आहे.

त्वचेवरची गाठ आणि क्षयाचे कोडे

विषबाधा क्वचित होते. त्याहून अधिक आढळणारा आणि अधिक फसवा आजार जिवाणूचा आहे. १९२६ मध्ये अमेरिकेतील फिलाडेल्फियाच्या मत्स्यालयात मेलेल्या खाऱ्या पाण्यातल्या माशांमधून क्षयजंतूंच्या कुळातला एक जिवाणू वेगळा करण्यात आला. त्याचे नाव मायकोबॅक्टेरियम मरीनम. त्यामुळे माणसांना होणाऱ्या आजाराला इंग्रजीत ‘माशांच्या टाकीची गाठ’ अशा अर्थाचे नावच पडले आहे. हा जिवाणू गोड्या आणि खाऱ्या, दोन्ही प्रकारच्या पाण्यात राहतो.

खडक घासताना, केसाळ किडा पकडताना किंवा काच पुसताना बोटाला बारीक खरचटते. जखम भरते, विसरली जाते. दोन ते चार आठवड्यांनी, कधी त्याहूनही खूप उशिरा, तिथे लालसर, न दुखणारी गाठ येते. ती हळूहळू वाढते, कधी फुटते आणि मग मनगटाकडे, कोपराकडे एका रेषेत नव्या गाठी दिसू लागतात. ताप नसतो, वजन घटत नाही, त्यामुळे रुग्ण घाबरत नाही. औषधाच्या दुकानातून मलम आणतो. त्या मलमात बहुतेक वेळा स्टेरॉइड असते. चार दिवस लाली कमी होते आणि स्थानिक प्रतिकारशक्ती दबल्यामुळे जिवाणूला मोकळे रान मिळते.

मुंबईसारख्या क्षयाचे ओझे मोठे असलेल्या शहरात पुढचा घोटाळा असा होतो. गाठीचा तुकडा तपासला तर क्षयासारखीच रचना दिसते. मँटू चाचणीही सकारात्मक येऊ शकते. मग क्षयाचा ठरावीक औषधक्रम सुरू होण्याची शक्यता असते. पण त्यातले पायराझिनामाइड या जिवाणूवर चालत नाही आणि आयसोनियाझिडचा भरवसा नसतो. क्षयासाठीची जनुकीय चाचणी नकारात्मक येते, कारण ती क्षयजंतूच शोधते. जिवाणू प्रयोगशाळेत वाढवून पाहावा, तर तिथेही अडचण आहे. क्षयाचे नमुने साधारणपणे शरीराच्या तापमानाला, म्हणजे ३५ ते ३७ अंशांना ठेवतात. मरीनमला ३० ते ३३ अंश मानवतात. तो फुप्फुसात न जाता हाताच्या थंड बोटांवरच राहतो, तोही याच कारणाने. ‘नमुना कमी तापमानालाही ठेवा’ असे डॉक्टरने कागदावर लिहिले नाही, तर अहवाल ‘वाढ नाही’ असा येऊ शकतो. आणि रुग्णाने टाकीचा उल्लेख केला नाही, तर डॉक्टरला ते सुचणार कसे?

निदान झाले की आजार बरा होतो. क्लॅरिथ्रोमायसिन, डॉक्सिसायक्लिन, रिफॅम्पिसिन, इथॅम्ब्युटॉल यांसारख्या औषधांतून डॉक्टर निवड करतात आणि उपचार काही महिने चालतात. हा आजार एका माणसाकडून दुसऱ्याला होत नाही, त्यामुळे घरात कोणाला वेगळे ठेवण्याची गरज नसते. उशीर झाला तर मात्र तो बोटाच्या स्नायुबंधांत आणि सांध्यात शिरतो आणि शस्त्रक्रिया करावी लागते. बोटांवर पोट असलेल्या माणसासाठी, मग तो शिंपी असो, टंकलेखक असो वा तबलजी, हा फरक मोठा आहे.

यकृताचा जुना आजार, मधुमेह किंवा कर्करोगाची औषधे चालू असणाऱ्यांनी आणखी एका जिवाणूची दखल घ्यावी. व्हिब्रिओ व्हल्निफिकस कोमट खाऱ्या पाण्यात वाढतो आणि जखमेतून शिरला तर काही तासांत हात-पाय सुजवतो, त्वचेवर फोड आणतो. हा प्रकार दुसऱ्या दिवसापर्यंत थांबून पाहण्याचा नाही. अशा व्यक्तींनी टाकीत हात घालण्याचे काम घरातल्या दुसऱ्या कोणाकडे सोपवणे बरे.

प्रतिजैविकांबद्दलही एक सूचना. मासे आजारी पडले की माणसांच्या कॅप्सूल फोडून टाकीत टाकण्याची रीत अनेक देशांत आहे. अर्धवट मात्रेत औषध मिळालेले जिवाणू मरत नाहीत, शहाणे होतात. तेच जिवाणू पुढे माशांची काळजी घेणाऱ्या हातांवर येतात. डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय प्रतिजैविके विकणे कायद्याने मना आहे. ते मासे पाळणाऱ्यांनाही लागू आहे.

नियम कशावर बोलतात?

कायदा या विषयात अगदीच गप्प नाही. वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या परिशिष्टात खडक बांधणारे कठीण प्रवाळ, समुद्रपंखे आणि समुद्रघोडे यांचा समावेश २००१ पासून आहे. त्यामुळे आपल्या किनाऱ्यावरचा प्रवाळ लागलेला खडक उचलून घरी आणणे हा गुन्हा आहे. सागरी किनारा रस्त्याच्या कामात हाजी अली आणि वरळीच्या किनाऱ्यावरील प्रवाळ २०२० मध्ये परवानगी घेऊन दुसरीकडे हलवावे लागले, तेही याच कायद्यामुळे. मत्स्यालय आणि टाकीतल्या प्राण्यांच्या विक्रीबाबत केंद्राने २०१७ मध्ये नियम काढले होते. व्यापाऱ्यांच्या विरोधानंतर ते मागे घेण्यात आले. त्यांचा मुख्य रोख प्राण्यांना होणाऱ्या क्रौर्यावर होता. विकत घेणाऱ्याच्या आरोग्याचा प्रश्न या साऱ्या चर्चेत बाजूलाच राहिला.

क्रॉफर्ड मार्केटसारख्या बाजारात उंदराचे औषध घेतले तर पाकिटावर धोक्याची खूण असते. झोअँथिडचा तुकडा पाण्याच्या पिशवीत मिळतो आणि पिशवीवर काहीच लिहिलेले नसते. ‘हे खरवडू नका, उकळू नका, हातमोजे घाला’ एवढी मराठी-हिंदी चिठ्ठी पिशवीसोबत देण्याला फारसा खर्च येणार नाही. त्यासाठी नव्या कायद्याची वाट पाहण्याचीही गरज नाही. राणीच्या बागेतले नियोजित मत्स्यालय उभे राहील, तेव्हा तिथे माशांच्या नावांच्या पाट्यांसोबत घरच्या टाकीच्या सुरक्षिततेचा एक फलक लावता येईल.

करायचे काय?

पहिला उपाय प्रतिबंधाचा. नवा खडक किंवा प्रवाळ थेट मुख्य टाकीत न सोडता काही आठवडे वेगळ्या छोट्या टाकीत ठेवावा. लपलेले पाहुणे तिथेच दिसतात. एप्टेशियासाठी तिला खाणारी पेपरमिंट कोळंबी हा माणसांसाठी सर्वात निर्धोक मार्ग आहे. केसाळ किडे थोडे असतील तर ते टाकीतला कचरा खाऊन उपकारच करतात. संख्या वाढली तर जास्तीचे खाद्य टाकणे कमी करावे, त्यांची संख्या आपोआप घटते. बोटात काटे रुतलेच तर चोळू नये, चिकटपट्टी लावून अलगद ओढून काढावेत.

झोअँथिड काढायचीच असतील, तर ती खडकासकट पाण्याखालीच वेगळी करावीत. पाण्याबाहेर खरवडू नयेत. जाड रबरी हातमोजे आणि डोळ्यांना पूर्ण झाकणारा चष्मा हवा. मास्क लावावा, पण त्याच्या भरवशावर जास्त धाडस करू नये. खिडक्या उघड्या आणि एसी बंद असावा. लहान मुले, वृद्ध, दम्याचे रुग्ण आणि पाळीव प्राणी त्या वेळी घराबाहेर असावेत. काढलेले तुकडे, वापरलेली हत्यारे आणि फडकी घरगुती ब्लीचचा एक भाग व पाण्याचे नऊ भाग अशा ताज्या द्रावणात निदान अर्धा तास बुडवून ठेवावीत. या विषाला ब्लीच निकामी करते. त्यात दुसरे कोणतेही रसायन मिसळू नये आणि हे द्रावण टाकीत घालू नये. हातावर जखम असेल तर ते काम त्या दिवशी करूच नये.

नको झालेले जीव समुद्रात, खाडीत किंवा गटारात सोडणे हा सुटकेचा मार्ग नाही. मत्स्यालयांतल्या कॉलर्पा या शेवाळाने भूमध्य समुद्राचा मोठा तळ व्यापला. २००० मध्ये ते कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यावर सापडले तेव्हा ताडपत्री अंथरून, खाली क्लोरीन सोडून ते नष्ट करावे लागले. त्या कामाला सहा वर्षे लागली.

आणि त्रास झालाच तर? टाकी साफ केल्यावर काही मिनिटांत किंवा काही तासांत तोंडाला कडू अथवा धातूसारखी चव, थंडी वाजून ताप, खोकला, दम लागणे, छातीत दुखणे, अंग मोडून येणे अशी लक्षणे दिसली, तर आधी सगळ्यांनी घराबाहेर मोकळ्या हवेत यावे. कपडे बदलावेत, अंग साबणाने धुवावे आणि लगेच मोठ्या रुग्णालयाच्या अपघात विभागात जावे. परळच्या हाफकिन संस्थेने सर्पदंशावरची लस बनवून असंख्य जीव वाचवले. पॅलिटॉक्सिनवर तसा उतारा जगात कुठेच नाही. प्राणवायू, श्वासनलिका मोकळी करणारी औषधे, हृदयाच्या लयीवर लक्ष, पोटॅशियम आणि स्नायूंच्या विकराची तपासणी, मूत्रपिंडे जपण्यासाठी सलाइन, असा आधार देणारा उपचार असतो आणि वेळेत मिळाला तर बहुतेक रुग्ण बरे होतात. डॉक्टरांना विषतज्ज्ञांचा सल्ला हवा असेल तर दिल्लीच्या एम्समध्ये राष्ट्रीय विषबाधा माहिती केंद्र आहे.

अडचण एवढीच, की जुलै-ऑगस्टच्या गर्दीत ताप आणि अंगदुखी घेऊन आलेला रुग्ण डेंग्यू, मलेरिया किंवा लेप्टोच्या रांगेत जातो. ते साहजिकच आहे. एका घरातले दोघे-तिघे एकाच रात्री, काही तासांच्या अंतराने सारख्याच लक्षणांनी आजारी पडले असतील, तर मात्र पावसाळी तापापेक्षा खोलीतल्या हवेचा विचार आधी व्हायला हवा. अशा रुग्णाच्या केसपेपरवर, आणि बोटावरच्या न भरणाऱ्या प्रत्येक गाठीच्या केसपेपरवरही, एक प्रश्न वाढवायला हरकत नाही: घरात माशांची टाकी आहे का? तो विचारला गेला नाही तर रुग्णाने आपण होऊन सांगावे. या आजारांत रक्ताच्या अहवालापेक्षा ते एक वाक्य अनेकदा जास्त सांगून जाते.